तिसऱ्यांदा नको

हॉगलंड, मिनेसोटा
२२ एप्रिल १९७९

प्रिय सिग्नी,

पाकिटावर माझं अक्षर बघून छातीत धस्स झालं असेल, म्हणून आधीच सांगते, इकडे कुणी गेलेलं नाही. तुझी आई खाऊनपिऊन बरी आहे. ख्रिसमसच्या आधीपासून मी तिच्याकडेच राहायला आले आहे, कारण दोन म्हाताऱ्यांनी दोन घरं तापवत बसायचं म्हणजे शुद्ध वेडेपणा. ती लोकांना सांगते, आर्डिसला एकटं करमत नव्हतं. मी सांगते, थोराला करमत नव्हतं. ज्याला जे पटेल ते त्याने मानावं.

पत्राचं कारण वेगळं आहे. गेल्या आठवड्यात ओहायोहून एक प्राध्यापक आला. डेस्मंड प्रायर त्याचं नाव. काडीसारखा बारीक, आणि पायात शहरी बूट, ते आपल्या अंगणातल्या चिखलात घोट्यापर्यंत रुतलेले. हातात तुझ्या आईची पुस्तकं. अगं, चारही. ‘लोण्याचे दिवस’चा पुठ्ठा निघून आला होता, तो त्याने चिकटपट्टी लावून धरला होता. पहिलं पुस्तक त्याला कुठल्याशा जुन्या बाजारात सापडलं आणि बाकीची शोधण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली, असं तो म्हणाला. मग नुसता तुझ्या आईकडे बघत उभा राहिला. मला वाटलं, आता हा गुडघे टेकतो. मी बटाटे सोलत होते, ते सोलायची थांबले. आपल्या थोराकडे कुणी असं बघताना मी जन्मात पाहिलं नव्हतं.

तुला ठाऊकच आहे, गावात तिची पुस्तकं वाचून लोक काय म्हणायचे. ‘वेगळंच आहे हो.’ पाद्रीबाई म्हणाल्या, ‘वेगळंच आहे.’ डेअरीतला मॅनेजर म्हणाला, ‘वेगळंच लिहिता तुम्ही.’ ‘वेगळंच आहे’ याच्यापुढे आपल्याकडे शिवी नाही. आणि हा पोरगा म्हणतो, तुमच्यासारखं या देशात कुणी लिहिलेलं नाही. मी मनात म्हटलं, म्हणजे हाही तेच म्हणतोय, पण चांगल्या अर्थाने.

तर त्याचं विद्यापीठ चारही पुस्तकं पुन्हा छापायला तयार आहे. शिवाय ऑक्टोबरात इथे, आपल्या चर्चच्या तळघरात, वाचनाचा कार्यक्रम करायचाय. ‘तुमची परवानगी असेल तर,’ तो म्हणाला. तुझी आई म्हणाली, ‘अहो, कशाला उगाच. जुनी पुस्तकं ती.’

यावर त्या बाबाने काय करावं? चेहरा पडला, म्हणाला, ‘तुमच्या इच्छेचा मी मान राखतो,’ आणि टोपी उचलून चालता झाला. मी अ‍ॅप्रनसकट चिखलातून त्याच्या गाडीमागे धावले आणि काच ठोकली.

‘कुठे निघालात?’

‘त्या नको म्हणाल्या.’

‘एकदाच म्हणाली ना?’

‘बाई, नको म्हणजे नकोच ना?’

‘ओहायोत असेल. इथे पहिलं नको म्हणजे मी हावरट नाही. दुसरं नको म्हणजे, तुम्ही मनापासून विचारताय का ते बघू दे. तिसऱ्यांदा जे येईल ते खरं उत्तर. चला आत, कॉफी ठेवते. आणि कॉफीलाही लगेच हो म्हणू नका, बरं दिसत नाही.’

शिकवल्याप्रमाणे त्याने केलं. कॉफीला दोनदा नको म्हणाला, बटाट्याच्या पोळीला दोनदा नको म्हणाला आणि मग चार खाल्ल्या. पुस्तकांचं तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा तुझी आई खिडकीकडे बघत म्हणाली, ‘बरं, तुम्ही एवढं म्हणताय तर.’

मग मी त्याला न्यूयॉर्कच्या फोनची गोष्ट सांगितली. तू तेव्हा लहान होतीस, पण आठवत असेल. ‘आडवा बर्फ’ वाचून न्यूयॉर्कच्या एका मोठ्या प्रकाशकाने स्वतः फोन केला होता, की पुस्तक देशभर काढतो, तुम्ही या, तुमच्यासाठी जेवण ठेवतो. ही म्हणाली, ‘अहो, कशाला एवढा त्रास.’ तो म्हणाला, ‘जशी तुमची मर्जी,’ आणि ठेवला फोन. तो परत करेल म्हणून ही आठवडाभर घराबाहेर पडली नाही. गावाचं आजही एकमत आहे, की न्यूयॉर्कवाल्यांना रीतभात नाही. प्राध्यापकाने मात्र डोकं दोन्ही हातांत धरलं.

तर कार्यक्रम ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी आहे. तू यावंस असं मला वाटतं. अ‍ॅरिझोना लांब आहे हे मला कळतं, पण विमानं कशासाठी काढलीत? जमलं तर बघ.

तुझी आर्डिस मावशी

ता. क. मी लिहिलंय हे तुझ्या आईला ठाऊक नाही.


३ जून १९७९

प्रिय सिग्नी,

तुझं कार्ड मिळालं. ‘शाळा सुरू असेल, सुट्टी मिळणार नाही, सगळ्यांना नमस्कार.’ कार्डावर निवडुंगाचं चित्र. निवडुंगाचंच बरोबर शोधून पाठवलंस, शाबास. हे मी पहिलं नको धरते आणि पुढे लिहिते.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट लिहिली नाही. आईचे डोळे गेलेत. पूर्ण नाही, खिडकी कुठे आहे ते तिला कळतं, माणूस दारात उभा राहिला तर सावली दिसते. पण छापलेलं अक्षर दिसत नाही. नोव्हेंबरात तिने कॉफी कपाच्या शेजारी ओतली आणि ती ओतत राहिली, तेव्हा मला कळलं. म्हणून मी इथे राहायला आले. करमण्याबिरमण्याचं काही खरं नाही.

आता दुसरी गोष्ट. प्राध्यापकाला छापण्याआधी चुका तपासून हव्यात. तिला दिसत नाही, म्हणून मी रोज संध्याकाळी तिची पुस्तकं तिला वाचून दाखवते. सिग्नी, मी ती कधीच वाचली नव्हती. यात लाज वाटण्यासारखं मला काही वाटत नाही. स्वतःच्या बहिणीने लिहिलेलं कोण वाचतं? ती हाताशी बसलेली असते, काय सांगायचं ते सांगेलच की, असंच वाटतं.

पण काय सांगू तुला. ‘आडवा बर्फ’ मध्ये ते वादळ आहे, आम्ही लहान असताना आलेलं, घरापासून गोठ्यापर्यंत दोर बांधून माणसं ये-जा करायची ते. मी ते साफ विसरले होते. वाचता वाचता माझ्या बोटांना तो दोर लागायला लागला. आणि मग एका पानावर आमचे बाबा खोकले. त्यांचं नाव नाही, वेगळाच माणूस आहे, पण खोकला त्यांचाच, मधे थांबून, जणू आता संपला असं वाटायला लावून परत येणारा. त्यांना जाऊन चाळीस वर्षं झाली. मी वाचायची थांबले आणि दाराकडे बघितलं.

‘काय झालं?’ तुझी आई म्हणाली.

‘बाबा खोकले,’ मी म्हटलं.

‘हं. ते जमलं होतं,’ ती म्हणाली आणि विणकाम उचललं.

जमलं होतं म्हणे. मी तिच्यासोबत एका खोलीत वाढले, एका चर्चमध्ये लग्न केलं, हजार वेळा तिच्या शेजारी भांडी पुसली. आणि या बाईने त्याच हातांनी मेलेल्या माणसाचा खोकला परत आणून ठेवला होता, तोही छापून, कुणीही उघडावा आणि ऐकावा असा. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. भीती वाटली म्हण, अभिमान म्हण, मला नीट सांगता येत नाही. चर्चमध्ये ऑर्गनचा सगळ्यात जाड सूर लागला की फळीखालून पायांना जे होतं, तसं मला दुसऱ्या दिवशी दिवसभर होत होतं.

माझं वाचन मात्र तिला सोसत नाही. मी सगळंच चर्चमधल्या सूचनांसारखं वाचते. काल प्रकरण संपल्यावर मी विचारलं, ‘कसं झालं?’ तर तुझी आई म्हणाली, ‘वेगळंच झालं.’ मला. सख्ख्या बहिणीला.

कार्यक्रमात वाचणार कोण, हा आता प्रश्न आहे. तिला दिसत नाही. प्राध्यापक वाचतो म्हणाला, पण तो पुस्तकातल्या ‘लेना’ला ‘लीना’ म्हणतो. तू लहानपणी कशी वाचायचीस ते मला आठवतं. जेवणं उरकली की ती इस्त्री करायची आणि तू पिठाच्या डब्यावर बसून तिची ताजी पानं मोठ्याने वाचायचीस. जिथे तुझी जीभ अडखळायची तिथे ती इस्त्री न थांबवता म्हणायची, ‘खोड.’ तू पेन्सिलीने खोडायचीस. चारही पुस्तकं तुझ्या तोंडातून गेली आहेत, पोरी. दुसऱ्या कुणाच्या तोंडी ती बसणार नाहीत.

ये ना. मनापासून म्हणते.

आर्डिस मावशी


१९ ऑगस्ट १९७९

सिग्नी,

‘मावशी, प्लीज, मला आग्रह करू नकोस. तो विषय माझ्यासाठी संपला आहे.’ हे दुसरं नको झालं. कागदावर आलं म्हणून रीत मोडत नाही.

तू विषय काढलास तर काढू या. चौथं पुस्तक आम्ही गेल्या आठवड्यात संपवलं. ‘एप्रिलपर्यंत’. आता मला कळलं तू का गेलीस. गावात सगळे म्हणत होते की त्यातली मुलगी सिग्नीच, पण गाव काय, गाय व्यायली तरी म्हणतं कुणीतरी कुणावर तरी लिहिलंय. वाचल्यावर मात्र शंका उरली नाही. व्हर्लिन मोएनने साखरपुडा मोडला, तू स्टेशनावर पांढरे हातमोजे घालून उभी राहिलीस आणि गाडीतून तो उतरला नाही, ते सगळं जसंच्या तसं आहे. आणि हेही लक्षात आलं, की ती पानंसुद्धा तूच पिठाच्या डब्यावर बसून तिला वाचून दाखवली असणार. एकोणीस वर्षांची पोर, आणि स्वतःची फजिती स्वतःच्या तोंडाने वाचतेय, समोर आई उशीचे अभ्रे इस्त्री करतेय. माझा जीव गलबलला. मी तुझ्या आईवर असा आवाज चढवला की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

‘तुला विचारावंसं नाही वाटलं पोरीला?’ मी म्हटलं.

तिने विणकाम मांडीवर ठेवलं. मग म्हणाली, ‘विचारलंच की. वाचायला दिलं ना.’

‘हे काय विचारणं झालं?’

‘आर्डिस, ती कुठे अडखळली नाही. मी इस्त्री खाली ठेवून ऐकत होते. एकदा अडखळली असती, एका शब्दावर, तरी मी सगळं प्रकरण चुलीत घातलं असतं. मी तिच्या अडखळण्याचीच वाट बघत होते. ती पाण्यासारखं वाचत गेली. मला वाटलं, पोरीने परवानगी दिली.’

आणि तू, सिग्नी? तू मनात काय म्हणत होतीस ते मी सांगते. ‘हिच्यासमोर मी अडखळणार नाही, मेले तरी नाही.’ बरोबर ना? तू पुढच्या वसंतात सामान बांधलंस, आणि तुझी आई अंगणात उभी राहून एवढंच म्हणाली, ‘गाडी सांभाळून चालव.’ एकीने नको म्हटलं नाही, दुसरीने विचारलं नाही. एकाच माळेचे मणी. तुम्हा दोघींना एका पोत्यात घालून हलवावं असं मला वाटतं.

त्यानंतर तिने पाचवं पुस्तक का लिहिलं नाही, हे प्राध्यापकाने तिला विचारलं होतं. तेव्हा मी भांडी घासत होते. ती म्हणाली, ‘माझं वाचणारं तोंड गेलं.’ त्याला वाटलं ही काहीतरी काव्यात्मक बोलतेय, त्याने लिहून घेतलं. मला कळलं ती काय म्हणाली ते.

ती तुझ्यावर लिहायला चुकली की नाही, हे मी ठरवणार नाही. ते प्रकरण वाचून मला रडू आलं, आणि मला व्हर्लिनचा राग नव्हे, तुझा अभिमान वाटला, एवढं सांगते. पण ती सत्त्याहत्तरची आहे, आणि डॉक्टर तिच्या छातीला नळी लावतो तेव्हा आजकाल विनोद करत नाही. तिला तुझा आवाज ऐकायचाय. ती बोलणार नाही, म्हणून मी बोलते.

मावशी


९ सप्टेंबर १९७९

सिग्नी,

मी तिला सांगून टाकलं, की मी तुला लिहितेय आणि तू दोनदा नको म्हणालीस. मला वाटलं ती म्हणेल, राहू दे, पोरीला कशाला त्रास. ती उठली, भिंत धरत ड्रॉवरपाशी गेली, खोक्यांवर नावं घालायचा जाड काळा पेन काढला, आणि चर्चच्या पत्रकाच्या पाठीवर एक शब्द लिहून माझ्या हातात दिला. म्हणाली, ‘तिसऱ्यांदा मी विचारते.’

तो कागद सोबत आहे. त्यात ‘जमलं तर’ नाही, ‘उगाच त्रास’ नाही, ‘तुझी सोय बघून’ नाही. सत्त्याहत्तर वर्षांत तिने कुणाला काही इतकं उघडं मागितल्याचं मला आठवत नाही. अक्षर वाकडं आलंय. नुसतं ‘ये’ आहे ते.

मावशी


२१ ऑक्टोबर १९७९

प्रिय सिग्नी,

पोचलीस हे कळलं. तुझा राखाडी स्वेटर इथेच राहिलाय, आणि तुझ्या आईने तो घातलाय, तेव्हा तो परत मिळेल ही आशा सोड.

तू म्हणशील, मी तिथेच होते, मावशी मला काय सांगणार. पण तू उभी होतीस मेजापाशी, तोंड लोकांकडे, आणि तुझी आई तुझ्या मागे खुर्चीत. तिचा चेहरा तुला दिसला नाही. मी बाजूला कॉफीच्या टाकीपाशी होते, मला दोघी दिसत होत्या. म्हणून लिहिते.

प्राध्यापकाने तुझ्यासाठी पहिल्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण खूण घालून ठेवलं होतं. तू ते बाजूला सारलंस, ‘एप्रिलपर्यंत’ उचललंस आणि पानं उलटत गेलीस. सगळ्या तळघराला समजलं तू कुठे चालली आहेस ते. व्हर्लिनची बहीण केकच्या ताटापाशी होती, ती भिंतीला टेकली. तू पहिलं वाक्य वाचलंस आणि तुझ्या आईचे ओठ हलायला लागले. आवाज नाही, नुसते ओठ, तुझ्या बरोबर, शब्दाला शब्द. वीस वर्षांपूर्वीचं पुस्तक, आणि तिला अक्षरन् अक्षर पाठ होतं. मला ते माहीत नव्हतं. एका घरात राहून माहीत नव्हतं.

आणि तुझा आवाज. माणसं कप हातात धरून विसरली. मी साठ वर्षं त्या तळघरात कॉफी ओततेय, मयतीची, लग्नाची, बाप्तिस्म्याची. इतकी शांतता मी तिथे ऐकलेली नाही. डेअरीचा मॅनेजर, तो वेगळंच-लिहितावाला, त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली होती. आपलं गाव, आपली चिखलाची वाट, आपलं ते पत्र्याचं स्टेशन, हे सगळं इतकं मोठं असेल असं कुणाला वाटलं होतं? ती बाई रोज आमच्यासोबत किराण्याच्या रांगेत उभी राहायची, आणि आम्ही तिला हवापाण्याचं विचारायचो.

स्टेशनाचं सगळं तू वाचलंस. हातमोजे, रिकामी गाडी, परतीची वाट, कुठे अडली नाहीस. मग मुलगी घरी येते. हातमोजे काढते. आई चुलीपाशी आहे, ती वळत नाही, फक्त म्हणते, ‘सूप गार होतंय.’

तिथे तुझी जीभ अडखळली. ‘सूप’ म्हणालीस आणि पुढचं येईना. पुन्हा ‘सूप’ म्हणालीस.

मागून तुझी आई म्हणाली, ‘खोड.’

प्राध्यापक उडालाच. नवं कोरं छापलेलं पुस्तक, खोड काय. तू मागे न वळता म्हणालीस, ‘नको, आई.’

‘खोड म्हणते मी.’

‘नको. राहू दे.’

प्राध्यापकाला वाटलं, मिटलं. तो खाकरून पुढे बोलायला लागला, तर मीच त्याचं कोपर धरलं. सगळे थांबले होते. त्या खोलीतलं, या गावात जन्माला आलेलं प्रत्येक माणूस जाणत होतं की अजून एक बाकी आहे. आता तुझ्या पाठीमागे काय झालं ते ऐक. ती खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उभी राहिली. गुडघे धड नाहीत, दिसत नाही, तरी उभी राहिली, तुझ्या आवाजाच्या दिशेने तोंड करून. आणि जे वीस वर्षांपूर्वी इस्त्री करताना विचारायचं होतं ते तिने तेव्हा विचारलं, अगदी हळू, जणू तळघरात दुसरं कुणी नव्हतंच.

‘सिग्नी, खोडू या का ग?’

तू म्हणालीस, ‘नको. तसंच झालं होतं ते.’

तिसरं नको. खरं नको. थोरा रडली, सिग्नी. तुझ्या बाबांच्या मयतीला तिने पाहुण्यांना केक वाढला होता, डोळ्यांत टिपूस नव्हतं. त्या दिवशी ती तोंड न झाकता रडली, सगळ्या गावासमोर, आणि मग बसली आणि म्हणाली, ‘बरं. मग वाच पुढे.’ तेवढंच तू ऐकलंस. आधीचं मी पाहिलं. मी अशी बाई नाही की जिला जिथेतिथे देव दिसतो, पण कॉफीच्या टाकीची तोटी उघडी राहिली आणि माझ्या बुटांवर कॉफी वाहत होती, ते मला नंतर कळलं.

आता कामाचं. तू गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिने तोच जाड पेन मागितला. पत्रकांच्या पाठीवर लिहितेय, पानाला चार-पाच ओळी, अक्षरं एकमेकांवर चढतात. मी ती स्वच्छ लिहून सोबत पाठवतेय. काय लिहिलंय ते मी सांगणार नाही. एवढंच सांगते, की त्यात एक आई आहे, आणि या खेपेला वाईट तीच दिसतेय.

रविवारी चर्चहून आल्यावर ती फोनपाशी खुर्ची ओढून बसणार आहे. तू फोन कर आणि वाच. तिच्या हातात इस्त्री नसेल, ती नुसती ऐकत असेल. जिथे जीभ अडखळेल तिथे अडखळ, पोरी. शूरपणा पुरे झाला.

तुझी
आर्डिस मावशी